गुलाबाच्या दरबारातला पोलीस

मोर्न काको गावात तेओफिलला सगळे पोलीस म्हणून ओळखतात, पण त्याचा जन्म गेला तो कोळसा पाडण्यात. डोंगराच्या कुशीत लाकडं रचायची, वर गवत आणि माती लिंपायची, आत आग सोडायची आणि धुराच्या रंगाकडे बघत बसायचं, हा त्याचा धंदा. हातापायांच्या भेगांत काजळी इतकी मुरलेली, की त्याची बायको एर्मिन म्हणते, "ह्याला घासून धुतला तर निम्माच उरेल." पण गुलाब मंडळाची बैठक असली की हाच काळवंडलेला माणूस पांढरा शुभ्र अंगरखा, लाल पट्टीची टोपी, कमरेला रुंद पट्टा आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात हॉलच्या दारात उभा राहतो. मग गावात त्याच्यापेक्षा मोठा कोणी नाही. राजासुद्धा नाही, कारण राजा पॅस्कल बहुतेक वेळ सिंहासनावर पेंगत असतो.

आमच्या सेंट लुशिया बेटावर माणूस जन्माला येतो तो एक तर गुलाबाचा, नाहीतर मार्गरीटचा. दोन फुलं, दोन मंडळं, आणि जन्मभराचं वैर. गुलाबवाले नाचतात, टाळ्या पिटतात, घसा फाडून गातात. मार्गरीटवाले खुर्च्यांवर ताठ बसून एका सुरात गातात आणि आमच्याकडे बघून नाक मुरडतात. आम्ही लाल, ते निळे. दोघांकडे राजा-राणी, न्यायाधीश, पोलीस, नर्स असा सगळा सरंजाम. गोऱ्या साहेबांचा दरबार खिडकीबाहेरून बघून बघून आमच्या खापरपणज्यांनी हा आपला दरबार उभा केला, यात लपवण्यासारखं काही नाही. गुन्हे मात्र त्यांनी आपल्या पसंतीचे ठेवले. राणीला मुजरा न करता आत येणं हा गुन्हा. गाणं चालू असताना डुलकी काढणं हा गुन्हा, राजाला तेवढी सूट. परवानगीशिवाय रमचा घोट घेणं हा गुन्हा. आणि दुसऱ्या फुलाच्या रंगाचं काहीही अंगावर बाळगणं, हा तर असा गुन्हा की त्याचं नाव काढलं तरी म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूस काढतात.

आता यात गंमत अशी, की एर्मिन माहेरची मार्गरीट. लग्नानंतर तिनं आडनाव बदललं, फूल बदललं नाही. ऑगस्ट, म्हणजे गुलाबाच्या सणाचा महिना लागला की त्या घरात एकाच दोरीवर लाल आणि निळे कपडे वाळत असतात आणि नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतं बोलतात.

तेओफिलची अटक ही बघण्यासारखी गोष्ट. शिट्टी वाजली की तो आधी आरोपीसमोर टाचा जुळवून कडक सलाम ठोकतो. मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "जेवलास का?" नाही म्हटलं तर आधी ताट येतं, खटला नंतर. हो म्हटलं तर आरोपीचा हात हातात घेऊन तो त्याला नाचवत नाचवत न्यायाधीशापुढे नेतो. कित्येक बिलंदर पोरं मुद्दाम उपाशी येऊन गुन्हे करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेओफिललाही. एकदा नव्या फादरना त्यानं राणीसमोर पाय ताणून बसल्याबद्दल पकडलं होतं. फादर बिचारे झगा सावरत नाचले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या प्रवचनात आमच्या मंडळाला नावं ठेवणं बंद झालं. तो जेवणाचा प्रश्न तेओफिलनं कुठून काढला, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. गंमत असेल, असं सगळे धरून चालले.

खरा पोलीस व्हायची त्याची फार इच्छा होती. पण शाळेत क्वेयोलचा, म्हणजे आमच्या घरच्या बोलीचा, एक शब्द निसटला की तळहातावर छडी बसायची, आणि तेओफिलच्या तोंडून दुसरं काही निसटतच नसे, त्यामुळे शाळा लवकर संपली. तरणाबांड झाल्यावर तो शेजाऱ्याचे बूट मागून राजधानीला, कॅस्ट्रीला भरतीसाठी गेला. ट्रकमध्ये वाटभर इंग्रजी उत्तर घोकत होता. साहेबानं विचारलं, "पोलीस का व्हायचंय?" तेओफिलची जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती क्वेयोलमध्ये. सगळी खोली हसली. तो तसाच बूट हातात घेऊन गावी आला. तेव्हाची आमची गुलाबाची राणी म्हणजे हल्लीच्या राणीची, मा झेल्माची आई. तिनं त्याला अंगणात बोलावलं आणि म्हणाली, "इंग्रजांच्या राणीला तू नको असशील तर नसो. आमच्या राणीला पोलीस पाहिजे." पहिला अंगरखा पिठाच्या पोत्यांचा होता. पाठीवर गिरणीचा शिक्का धुऊनही गेला नव्हता, पण तेओफिल त्यात गव्हर्नरसारखा चालला.

अशी सगळी वर्षं मजेत गेली, आणि मग ऑल्ड्रिक परत आला.

ऑल्ड्रिक हा तेओफिलच्या थोरल्या बहिणीचा मुलगा; मामाला तो तोंतों म्हणतो. ऐन तारुण्यात बर्मिंगहॅमला गेला, तिथे जन्मभर बस चालवली, आणि डोक्याचे केस पांढरे झाल्यावर गावी येऊन त्यानं दुमजली घर बांधलं. माणूस दिलदार. मंडळाच्या हॉलचं गळकं लाकडी छप्पर बघून त्यानं स्वखर्चानं चकचकीत पत्रे घातले. मा झेल्मा ही त्याची बाप्तिस्म्यापासूनची धर्ममाता, आमच्या बोलीत नेनेन; तिनं सगळ्यांसमोर त्याच्या गालाचा मुका घेतला. आणि पुढच्याच बैठकीत ऑल्ड्रिक बोलायला उभा राहिला.

"मंडळी, एक विचारू?" तो म्हणाला. क्वेयोल त्याची जरा गंजली होती, पण आवाज खणखणीत. "हा मुकुट कुणाचा? हा न्यायाधीशाचा झगा कुणाचा? ज्यांनी आपल्या पूर्वजांना चाबकानं फोडलं त्यांचाच ना? ते गेले, आणि आपण अजून त्यांचे कपडे घालून मिरवतोय. राजा-राणी एक वेळ राहू देत. पण पोलीस? आपल्याच माणसाच्या खांद्यावर हात टाकायला आपणच पोलीस ठेवायचा? मला तर ती टोपी बघितली की मळमळतं."

"ऑल्ड्रिक, झगा माझ्या बायकोच्या पडद्याचा आहे," न्यायाधीश फॉस्टिन म्हणाला. तो एरवी बसथांब्यावर शहाळी विकतो. "गोऱ्यांचा संबंध काय? अजून त्याला कड्या आहेत, बघ."

हॉलभर हशा पिकला. ऑल्ड्रिक हसला नाही.

"हसा तुम्ही," तो म्हणाला. "ज्याला कधी धरलं नाही तो हसणारच."

हशा विरला. कुणी नव्या पत्र्यांकडे बघितलं, कुणी पायांकडे. ज्याच्या छपराखाली बसलोय त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? शेवटी मा झेल्मानं काठी आपटली. "सणाच्या दिवशी, जेवणं झाली की हात वर करून ठरवू. पोलीस ठेवायचा की काढायचा. तोवर कुणी कुणाचं डोकं खायचं नाही."

तेओफिल दारात उभा होता तसाच उभा राहिला. बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा.

घरी आल्यावर एर्मिननं विचारलं, "तोंड का उतरलंय? भट्टी विझली?"

"पोलीस काढून टाकतायत."

"बरं झालं. तो पांढरा अंगरखा धुऊन धुऊन माझे हात गेले."

"ऑल्ड्रिक म्हणतो त्यात खोटं काही नाही, एर्मिन. चाबूक खरा होता."

"मग तू का कुढतोस?"

तेओफिलनं जरा विचार केला. "टोपी काढली की खाली कोण उरतं? कोळसेवाला. तो तर रोजचाच आहे."

 त्या आठवड्यात एर्मिननं अंगरख्याला एवढी कांजी घातली, की तो खुंटीला न टांगताही उभा राहिला असता.

सण उजाडला. एर्मिननं सकाळी हिरवी केळी, निरफणस आणि खारवलेला मासा असं ताट वाढलं. तेओफिलनं ते बाजूला सरकवलं.  अंगरखा चढवला, टोपी घातली, आणि चर्चची घंटा ऐकून घाईघाईत दोरीवरचा एक रुमाल ओढून खिशात कोंबला. मिसा झाली, मिरवणूक झाली. व्हायोलिन, बँजो आणि खुळखुळे वाजवत सगळं गाव फिरून लोक हॉलमध्ये आले. तेओफिल सगळ्यांत पुढे चालला होता, पण त्याची चाल बघून म्हाताऱ्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "आज पोलीस दफनाला चाललाय काय?"

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि अंगाची लाही झाली. जुनं लाकडी छप्पर गळायचं खरं, पण थंड असायचं. ऑल्ड्रिकच्या चकचकीत पत्र्यांखाली भर दुपारी आम्ही सगळे भाकरीसारखे भाजून निघालो. राणीच्या चेहऱ्यावरची पावडर ओघळली. राजा पॅस्कल तर घामानं जागा झाला. आणि तेओफिलनं राणीसमोर उभ्या उभ्या खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

रुमाल निळा होता.

व्हायोलिन मध्येच थांबलं. गाणारीचा सूर घशात राहिला. खिडकीबाहेर मार्गरीटवाल्या बायका दरवर्षीप्रमाणे फुकटचा तमाशा बघायला जमल्या होत्या, त्यांच्यातून एर्मिनचा आवाज आला, "अगं बाई! तो माझा रुमाल!" आणि त्या सगळ्याजणी अशा खिदळल्या, की कोंबड्या उडाल्या.

"पोलीस!" मा झेल्मा सवयीनं गरजली.

तेओफिलनं सवयीनं शिट्टी फुंकली, टाचा जुळवल्या. "हजर!" मग त्याच्या लक्षात आलं की पकडायचं ते त्यालाच. तो निळा रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला, आणि काजळीतूनही दिसेल इतका लाल झाला.

आता पंचाईत अशी, की अटक फक्त पोलिसानं करायची हा नियम. आणि इतक्या वर्षांत पोलिसाला पकडायची वेळच आली नव्हती. न्यायाधीश फॉस्टिननं पडद्याच्या झग्यात डोकं खाजवलं. मा झेल्मानं हॉलभर नजर फिरवली, ती शेवटच्या बाकावर थांबली.

"ऑल्ड्रिक, इकडे ये. टोपी घाल."

"मी? नेनेन, माझं मत तुम्हाला माहीत आहे."

"मत जेवणानंतर. आत्ता टोपी घाल."

धर्ममातेचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही, दुमजली घरवालाही नाही. ऑल्ड्रिक पुढे आला. तेओफिलनं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, कमरेला पट्टा बांधला, शिट्टी गळ्यात घातली. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात ऑल्ड्रिकचा चेहरा बदलला. त्यानं तेओफिलचा दंड पकडला, पाठीमागे पिरगळला, त्याला भिंतीकडे ढकललं आणि इंग्रजीत खेकसला, "कुठून आलास? खिशात काय आहे? भिंतीकडे तोंड! बोलायचं नाही!"

 हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्यानं ते म्हटलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं.

तेओफिलचा गाल भिंतीला लागला होता. तो हळूच म्हणाला, "पोरा, असं नाही."

"मग कसं?" ऑल्ड्रिकचा आवाज फाटला. आता तो क्वेयोलमध्ये बोलत होता. "मला एवढंच येतं, तोंतों. असंच धरतात. मी रात्रपाळीची बस लावून घरी निघालो की धरायचे. अंगावर बसवाल्यांचा गणवेश असायचा, तर विचारायचे, हा कुठून चोरलास? एकदा पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. बायको जेवणासाठी खोळंबलेली. का धरलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही."

त्याचा हात सैल पडला. तेओफिल वळला, दंड चोळला, आणि भाच्याकडे बघत राहिला. बोलण्यात कच्चा असलेला माणूस त्या दिवशी बोलला.

"मला टोपी दिली तेव्हा मलाही एवढंच माहीत होतं. तुझ्या आजोबांना नेलं होतं, मळ्याच्या हद्दीतलं लाकूड तोडलं म्हणून. जेवायला बसले होते. निरफणसाचा तुकडा हातात होता. पोलीस दारात येऊन म्हणाला, ऊठ. आई म्हणाली, साहेब, एवढा घास खाऊ द्या. तो म्हणाला, ऊठ. आपल्यातलाच होता तो, आपल्याच रंगाचा. टोपी तेवढी त्यांची. आईनं ते ताट झाकून ठेवलं. मुंग्या लागल्या, वास सुटला, तरी उचलू देईना. तुझी आई माझ्या शेजारीच बसली होती."

"तिनं मला कधी सांगितलं नाही."

"मी तरी कुणाला सांगितलं? मला टोपी मिळाली तेव्हा एवढंच ठरवलं, की आपल्या पोलिसानं आधी विचारायचं."

पंखे हलवणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. त्या प्रश्नावर आम्ही इतकी वर्षं पोट धरून हसलो होतो, आणि तो कुठल्या घरातून आलाय हे आम्हाला आज कळत होतं. खरं सांगायचं तर आमची आम्हालाच लाज वाटली.

तेओफिलनंच मग घसा खाकरला. "चल, शिकून घे. दारापर्यंत जा. परत ये. आधी सलाम."

ऑल्ड्रिक दारापर्यंत गेला. तिथे तो जरा वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, बाहीनं तोंड पुसलं, टोपी सरळ केली. मग आला, टाचा जुळवल्या. सलाम वाकडा होता, पण सलाम होता.

"तोंतों," तो म्हणाला, "जेवलात का?"

तेओफिल खोटं बोलणारा नव्हे. "नाही," तो म्हणाला.

"कसा जेवेल?" खिडकीतून एर्मिन ओरडली. "सकाळी ताट ढकलून आलाय! झाकून ठेवलंय मी घरी!"

"मग उभी काय राहिलीस?" मा झेल्मानं काठी आपटली. "घेऊन ये. कोर्ट जेवायला उठलं!"

एर्मिन धावत गेली आणि ताट घेऊन आली. नखशिखांत निळ्या कपड्यांतली मार्गरीटवाली आमच्या सणाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये, राणीला मुजरा न करता, सरळ मधून चालत आली. एवढे गुन्हे एका दमात कुणी केले नव्हते. पण पोलीस कामात होता, त्यामुळे तिला कुणी पकडलं नाही.

मग सगळ्यांचीच पानं मांडली. तळलेले मासे आले, केळी आली, कसाव्याची भाकरी आली, रमची बाटली फिरली. खटलाही जेवता जेवताच उरकला. फॉस्टिननं मासा चघळत निकाल दिला, की गुन्हेगारानं मार्गरीटचं गाणं म्हणावं, त्यांच्यासारखं, खुर्चीत ताठ बसून. याहून कडक शिक्षा आमच्या कायद्यात नाही. तेओफिलनं डोळे मिटून ते म्हटलं. मध्ये एर्मिननं त्याला दोनदा थांबवलं, "सूर बघ, सूर! कोळसा फोडतोयस का?" आणि म्हटलं तर काय, गाणं बरं जमलं. इतकी वर्षं तो ते भिंतीपलीकडून ऐकत होता, हे गुपित तेवढं फुटलं. नंतर ऑल्ड्रिकनं त्याला हात धरून हॉलभर नाचवलं. ऑल्ड्रिक नाचतो ते अगदी बस वळवल्यासारखं, पण वळवली त्यानं.

शेवटी मा झेल्मा उभी राहिली. तिला आपला शब्द पाळायचा होता. "पोलीस नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात माशाच्या रश्श्यानं बरबटलेले होते. कुणी बोटं चाटत होतं, कुणी पत्र्यांकडे बघत होतं. एकही हात वर गेला नाही. मा झेल्मानं ऑल्ड्रिककडे बघितलं. "बोल, बाबा. तूच विषय काढला होतास."

ऑल्ड्रिकच्या डोक्यावर अजून टोपी होती. "नेनेन, माझा त्या टोपीवरचा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "पण आत्ता मी कामावर आहे."

लोक इतके हसले, की राजा पॅस्कल पुन्हा जागा झाला आणि कुणाला पकडलं म्हणून विचारायला लागला.

तेओफिल कोपऱ्यात बाकावर मांडीवर ताट घेऊन बसला होता. आता कुठे त्याला भूक लागली होती. ऑल्ड्रिक त्याच्या शेजारी येऊन बसला आणि टोपी काढून त्याच्यापुढे धरली. तेओफिलनं ती घेतली, घातली, आणि मग भाच्याकडे वळून त्याच गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"आणि तू? जेवलास का?"

ऑल्ड्रिकनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, "तिकडे कुणी विचारलं नाही हो, तोंतों. एकदासुद्धा."

तेओफिलनं निरफणसाचा मोठा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. ताट एका माणसाचं होतं, पण मामा-भाचे दोन्ही बाजूंनी जेवले. एर्मिन ते न्यायला आली तेव्हा त्यात माशाच्या काट्यांखेरीज काही उरलं नव्हतं.